सद्वर्तन पुरस्कार: नाव ठरवायच्या आधी पद्धत बदला

तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत मांडते. तुमच्या शाळेत एका जुन्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ दरवर्षी एका विद्यार्थ्याला सद्वर्तनाचा पुरस्कार देतात, नाव हॉलमधल्या बोर्डावर चढतं, आणि यंदा तुम्हाला पहिल्यांदाच निवड समितीत घेतलंय. पद्धत अशी की प्रत्येक वर्गशिक्षक एक नाव देतो आणि समिती अर्ध्या तासाच्या मीटिंगमध्ये त्यातलं एक उचलते. मागच्या वर्षी ज्या मुलाचं नाव पुकारलं त्याच्याबद्दल मुलांमध्ये कुजबुज झाली, कारण शिक्षक आसपास नसताना तो लहान वर्गातल्या मुलांना त्रास देतो असं मुलांचं म्हणणं. मग एका पालकांचं तक्रारीचं पत्र आलं आणि आता निम्मा स्टाफ म्हणतोय की ही भानगडच नको, बंद करा. तुम्ही विचारलंय की योग्य मुलगा ओळखायचा कसा, आणि बंद करायच्या बाजूने मत द्यायचं का.

मी बरीच वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं, पुढे पर्यवेक्षिका म्हणून काम केलं, आणि अशा समित्यांमध्ये सदस्य म्हणूनही बसले आणि त्या चालवल्याही. हा विषय माझ्या फार जवळचा आहे त्यामुळे उत्तर लांब होणार, सवडीने वाचा.

आधी मुळाशी जाऊ. तुम्ही विचारताय कोणाला निवडू, पण तुमच्या पद्धतीत त्याच्या आधीचाच प्रश्न कोणी विचारत नाहीये, की या मुलाचं वागणं पाहिलं कोणी? वर्गशिक्षक मुलाला पाहतो ते वर्गात, समोर फळा असताना. मुलांचं खरं वागणं घडतं जिन्यात, मैदानावर, मधल्या सुट्टीत, व्हॅनमध्ये, टॉयलेटच्या रांगेत, आणि आता मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये. म्हणजे ज्या जागी शिक्षक नसतो त्या जागेबद्दलचा पुरस्कार आपण फक्त शिक्षकांना विचारून देतो. मागच्या वर्षी तुमच्याकडे जे झालं त्यात कोणाचा वाईट हेतू असेल असं मला वाटत नाही, या पद्धतीतून ते कधी ना कधी होणारच होतं.

अशा मीटिंगमध्ये काय बोललं जातं ते आठवून बघा. "शांत आहे." "अभ्यासात चांगला आहे." "कधी तक्रार आली नाही." "आईवडील पण चांगले आहेत हो." ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकलीत की आता ती आली की मी लगेच विचारते, यातलं सद्वर्तन कुठलं? शांत असणं हा स्वभाव झाला, काही मुलं जन्मतःच अबोल असतात, त्यात त्यांनी काही केलेलं नसतं. अभ्यासासाठी वेगळी बक्षिसं आहेतच. तक्रार नाही याचा अर्थ एवढाच की शिक्षकांपर्यंत काही पोचलं नाही. आणि आईवडिलांचा तर इथे संबंधच नाही.

हुशार मुलगा आपोआप सद्वर्तनी वाटतो याला मानसशास्त्रात हॅलो इफेक्ट म्हणतात. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली हे दाखवलं. लष्करातल्या अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य असे वेगवेगळे गुण द्यायचे होते, आणि ज्याला एका बाबतीत चांगले दिले त्याला बाकीच्यांतही चांगलेच दिलेले दिसले, खऱ्या आयुष्यात जुळतील त्यापेक्षा फार जास्त जुळणारे. आपण शिक्षक वेगळे नाही. नीटनेटकी वही, इस्त्रीचा युनिफॉर्म, स्पष्ट उच्चार, यातून एक छाप पडते आणि वर्षभर तीच छाप बोलत राहते. एक काम जरूर करा, बोर्डावरची गेल्या पंधरा-वीस वर्षांची नावं कागदावर उतरवा आणि शेजारी लिहा की त्यातले किती जण पहिल्या पाचात होते, किती जण मॉनिटर होते, किती जण स्टाफची मुलं होती, मुली किती, कुठल्या तुकडीचे किती. हा कागद मीटिंगमध्ये नुसता ठेवा, कोणावर आरोप करू नका. मी जिथे जिथे हे केलं तिथे पुढची चर्चा बदलली. मी कोटा ठेवायला सांगत नाहीये, पण सगळी नावं एकाच साच्यातली असतील तर चांगुलपणाही त्याच साच्यात सापडतो असं कोणाला म्हणता येईल का?

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे पण तिच्यावरच माझं सगळं मत उभं आहे. "सगळ्यात चांगल्या चारित्र्याचा विद्यार्थी" असं कोणी ठामपणे शोधून काढू शकतं का? ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी अमेरिकेत सुमारे ११ हजार शाळकरी मुलांवर केलेला मोठा अभ्यास १९२८ ते १९३० मध्ये तीन खंडांत छापून आला. मुलांना फसवायची, खोटं बोलायची, कॉपी करायची संधी मिळेल असे प्रसंग मुद्दाम तयार केले होते, काही वर्गात, काही खेळात, काही घरी करायच्या कामात. दिसलं असं की एका जागी प्रामाणिक राहिलेला मुलगा दुसऱ्या जागी तसाच राहील याची खात्री देता येत नाही. पेपरात कॉपी न करणारा खेळात स्वतःचा स्कोअर वाढवून सांगू शकतो. नंतरच्या संशोधकांनी तेच आकडे परत तपासले तेव्हा थोडंफार सातत्य सापडलं, म्हणजे सगळं परिस्थितीवरच असतं असंही नाही, पण "हा प्रामाणिक, तो अप्रामाणिक" असे दोन गठ्ठे करता येत नाहीत हे मात्र पक्कं राहिलं.

म्हणून माझं म्हणणं असं की शाळेने मुलाच्या चारित्र्याचं सर्टिफिकेट देऊच नये. शाळेने सांगावं की या वर्षी या मुलाने किंवा मुलीने असं असं केलं, आम्हाला ते कळलं, आणि आम्हाला त्याचा आदर वाटतो. केलेली गोष्ट खरी असते, ती कोणी पाहिलेली असते, तिच्याबद्दल विचारता येतं. "आदर्श" या शब्दाबद्दल मात्र फक्त वाद घालता येतो, आणि तो वादच तुमच्याकडे पत्रातून आला.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नात हे आलेलं नाही. पुरस्कार देणगीतून असेल तर देणगीच्या कागदात काय लिहिलंय ते आधी काढून वाचा. बऱ्याचदा तिथे "सद्वर्तनी विद्यार्थ्यास" एवढंच असतं आणि एकच मुलगा, वर्गशिक्षकांची नावं, मतदान हे सगळं नंतर कोणीतरी सोयीसाठी चालू केलेलं असतं, मग ते बदलायला काहीच आडकाठी नसते. पुरस्काराबरोबर शिष्यवृत्तीची मोठी रक्कम असेल तर काळजी दुप्पट, कारण मग ज्याला गरज आहे त्याला द्या असा दबाव येतो, मनातून तो योग्यही वाटतो, पण गरज आणि वर्तन एकत्र केलं की दोन्हीचा घोळ होतो, त्यासाठी वेगळी मदत असावी. शाळा छोटी असेल, सगळे सगळ्यांना ओळखत असतील, तर पुढे सांगतेय तेवढा व्याप करायची गरज नाही. आणि प्राथमिकचे वर्ग असतील तर माझं मत सरळ आहे, लहान मुलांना असा एकट्याचा पुरस्कार देऊच नका.

प्राथमिकबद्दल एवढं ठाम का बोलतेय? १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मनापासून आवडायचं त्यातल्या काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर 'गुड प्लेअर' असं सर्टिफिकेट मिळेल, सोनेरी शिक्का आणि रिबन लावलेलं. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात बघितलं तर ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढत होती. आवडीचं काम होतं ते बक्षिसाचं काम झालं. मदत करणं, वाटून घेणं हे लहान मुलांना मुळात आवडतं, त्याला चार्ट, स्टार, पॉइंट लावले की काय होईल याची भीती मला या प्रयोगामुळे वाटते. मोठ्या वर्गांतही म्हणूनच वर्षभर "बघा हं, सद्वर्तनाचा पुरस्कार आहे" असा गजर करू नये.

पण अचानक दिलं की झालं, असंही समजू नका. अमेरिकेत सहावी ते बारावीच्या १५ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर हजेरीच्या बक्षिसाचा प्रयोग झाला, २०२१ साली तो छापून आला. काही मुलांना आधी सांगितलं की महिनाभर पूर्ण हजेरी ठेवलीत तर अवॉर्ड मिळेल, त्याचा सरासरी काही परिणाम दिसला नाही. काहींना मागच्या हजेरीबद्दल न सांगता अवॉर्ड दिलं, तर पुढच्या महिन्यात त्यांची हजेरी उलट कमी झाली. संशोधकांनी लावलेला अर्थ असा की अवॉर्ड मिळाल्यावर मुलांना वाटलं, अरेच्चा, आपण अपेक्षेपेक्षा आणि इतरांपेक्षा जास्तच येतोय की. म्हणजे बक्षीस देताना आपण नकळत हेही सांगत असतो की साधारण अपेक्षा यापेक्षा कमी आहे. म्हणून वेळेवर येणं, युनिफॉर्म, गृहपाठ, वर्गात न बोलणं असल्या गोष्टी सद्वर्तनाच्या पुरस्काराच्या निकषात अजिबात ठेवू नका, त्या सगळ्यांनीच करायच्या आहेत. पुरस्कार अशा वागण्याला द्या ज्यात मुलाला काहीतरी सोसावं लागलं, वेळ गेला, मित्र नाराज झाले, स्वतःचं नुकसान झालं, आणि तरी त्याने ते केलं.

आता पद्धतीवर येते. मी जी वापरत आले ती सांगते, तुमच्या शाळेला बेताची वाटेल तेवढी घ्या.

मुलांना विचारायचं, पण मतदान घ्यायचं नाही. मतदान घेतलं की सगळ्यात पॉप्युलर मुलगा जिंकतो आणि त्याचा सद्वर्तनाशी काही संबंध असेलच असं नाही. त्याऐवजी प्रत्येकाला एक कागद द्यायचा आणि दोनच प्रश्न विचारायचे: या वर्षी शाळेत तुझ्याशी किंवा तुझ्यासमोर दुसऱ्या कोणाशी कोण चांगलं वागलं? नेमकं काय झालं होतं? नाव नुसतं नको, प्रसंग हवा. "तो खूप चांगला आहे" एवढंच लिहिलेला कागद बाजूला ठेवायचा. कागदावर लिहिणाऱ्याचं नाव असावं पण तो फक्त दोन शिक्षकांनी वाचावा आणि हे मुलांना आधीच सांगावं. निनावी ठेवलं तर काहीजण थट्टा म्हणून काहीही लिहितात, आणि सगळ्यांसमोर वाचणार असं कळलं तर खरं लिहीत नाहीत. मित्रमंडळींनी ठरवून एकाचं नाव लिहिलं तर ते लगेच ओळखू येतं, कारण प्रसंग एकच असतो आणि वाक्यंही सारखीच. खऱ्या कागदांत प्रसंग वेगळे असतात, लिहिणारी मुलं एकमेकांच्या ग्रुपमधली नसतात.

हे कागद वाचताना काय काय हाती लागतं ते सांगितलंच पाहिजे. एक मुलगी होती, मार्क बेताचे, बऱ्याचदा उशिरा यायची, कुठल्याही शिक्षकाने तिचं नाव दिलं नसतं. वेगवेगळ्या मुलींनी लिहिलं होतं की प्रोजेक्टचे ग्रुप पाडताना जी कोणी उरते तिला ही हाक मारून आपल्यात घेते, दरवेळी, आणि त्यासाठी स्वतःच्या मैत्रिणींशी भांडतेसुद्धा. वर्गात एकटं पडण्याची भीती काय असते हे ज्याने अनुभवलंय त्यालाच याची किंमत कळेल, आम्हा शिक्षकांना ते वर्षभर दिसलं नव्हतं कारण ग्रुप पाडा म्हणून सांगून आम्ही फळ्याकडे वळायचो. दुसरा एक मुलगा, त्याच्या नावावर उद्धटपणाची नोंद होती. कागदांवरून कळलं की एका मुलावर पैसे चोरल्याचा आळ आला तेव्हा हा उभा राहून म्हणाला होता की तो त्या वेळी माझ्याबरोबर ग्राउंडवर होता, तुम्ही चुकीच्या मुलाला ओरडताय. शिक्षकांना राग आला आणि नोंद झाली. आता सांगा, त्या वर्षी अख्ख्या शाळेत याहून मोठं सद्वर्तन कोणतं?

म्हणूनच "ज्याच्यावर एकही शेरा नाही त्यालाच" हा नियम तुमच्याकडे असेल तर तो आधी काढायला लावा. तो नियम दिसायला स्वच्छ वाटतो पण त्यात बोलणारी, अडवणारी, दुसऱ्यासाठी उभी राहणारी मुलं आधीच गळतात आणि उरतात ती कोणाच्या अध्यातमध्यात नसलेली. काही मुलं जूनमध्ये मारामारी करतात आणि पुढे खरंच बदलतात, त्यांचाही विचार व्हायला हवा. दुसऱ्याला सतत त्रास देणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे, तिथे सवलत नको.

मुलांनंतर विचारायचं ते शाळेतल्या ज्यांना कधीच कोणी विचारत नाही त्यांना. शिपाईकाका, सफाई करणाऱ्या मावशी, लायब्ररीतल्या मॅडम, प्रयोगशाळा परिचर, व्हॅनवाले काका, खेळाचे सर. ही माणसं मुलांना अशा वेळी पाहतात जेव्हा मुलांना आपल्याला कोणी बघतंय असं वाटत नाही. कोण पाण्याचा नळ बंद करतं, कोण सांडलेलं पुसतं, कोण मावशींना नावाने हाक मारतं आणि कोण "ए" म्हणतं, हे त्यांना पाठ असतं. काचेचं पात्र फुटलं तेव्हा कोणी पाहिलेलं नसताना एका मुलाने स्वतः येऊन सांगितलं, हे मला परिचरांकडून कळलेलं, शिक्षकांना पत्ताच नव्हता. त्यांना लेखी द्या म्हणू नका, दहा मिनिटं बसून बोला. आणि शेवटच्या दोन-तीन नावांवर आलात की परत त्यांच्याकडे जा आणि विचारा, हा मुलगा लहान मुलांशी कसा वागतो? हा एक प्रश्न मागच्या वर्षी कोणी विचारला असता तर कदाचित ती कुजबुज झालीच नसती.

इथे एक सावधगिरी, आणि ही बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाची आहे. कागदांमध्ये कधी कधी भलतंच निघतं. कोणी तरी मला रोज मारतात आणि तेव्हा अमुक माझ्याबरोबर चालत घरी येतो, असं एखादं मूल लिहून जातं. तो कागद पुरस्काराच्या गठ्ठ्यात राहता कामा नये, त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे किंवा समुपदेशकांकडे गेला पाहिजे आणि त्या मुलाशी शांतपणे बोलणं झालं पाहिजे. पुरस्काराचं काय व्हायचं ते होईल. तसंच, ज्याला मदत मिळाली त्या मुलाची गोष्ट स्टेजवरून सांगायची नाही. "हिने आपल्या गरीब मैत्रिणीला वह्या दिल्या" असं माइकवर वाचलं की एकीचा सत्कार होतो आणि दुसरी सगळ्यांसमोर मान खाली घालते. आजार, घरातलं भांडण, पैसे, अभ्यासातली अडचण, यातलं काहीही ओळखू येईल असं मानपत्रात येऊ द्यायचं नाही. शंका आली तर त्या मुलाला आणि त्याच्या पालकांना आधी विचारा, नको म्हणाले तर सोडून द्या.

मानपत्र कसं लिहायचं यावर लोक फार कमी वेळ घालवतात. "आदर्श, विनयशील, गुणी" असलं काही लिहू नका. दोन-तीन साधी वाक्यं, काय केलं ते, भूतकाळात. याला कारण आहे. लहान मुलांवर झालेल्या प्रयोगांत असं दिसलंय की "मदत कर" म्हणण्यापेक्षा "मदत करणारा हो" म्हटलं की मुलं जास्त मदत करतात, २०१४ साली हे छापून आलं तेव्हा शिक्षकांमध्ये ते खूप फिरलं. पण पुढे २०२० मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की मदत करताना काही फसलं, सांडलं, चुकलं, तर "मदत करणारा" हा शिक्का असलेली मुलं जास्त खचतात आणि पुढे मदत करायला कचरतात. सद्वर्तनाचा पुरस्कार मिळालेल्या मोठ्या मुलांचं मी तसंच होताना पाहिलंय. पुढच्या वर्षी जरा आवाज चढला की वर्गमित्र म्हणणार "आदर्श विद्यार्थी ना तू", आणि शिक्षकसुद्धा म्हणतात, ते तर फारच वाईट. मुलाने काय केलं एवढंच लिहिलं तर ती गोष्ट कायमची खरी राहते आणि उद्या त्याचं काही चुकलं तरी खोटी ठरत नाही.

निवडीचा अधिकार कोणाचा यावरून होणारी भांडणं आजची नाहीत. उत्तर फ्रान्समधल्या सालांसी नावाच्या गावात दरवर्षी गावातल्या एका सद्वर्तनी मुलीला गुलाबांचा मुकुट घालायची जुनी प्रथा होती, तिथे १७७० च्या दशकात गावकरी आणि जमीनदार यांच्यात मुलगी कोणी निवडायची यावरून खटला झाला आणि तो थेट पॅरिसच्या न्यायालयापर्यंत गेला. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की निवडीचा नियम आधी लिहून सगळ्यांना दाखवलेला नसेल तर भांडण शेवटी अधिकारावर जातं आणि ज्याच्यासाठी हे केलं ते पोर बाजूलाच राहतं. तुमचे नियम एका पानात बसतील एवढे लिहा आणि वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांना दाखवा. त्यात एक वाक्य नक्की घाला की एखाद्या वर्षी समितीला पुरेसा आधार सापडला नाही तर पुरस्कार दिला जाणार नाही, आणि एकाहून जास्त जणांनाही देता येईल. पत्र आलं तर पालकांना पद्धत दाखवायची, दुसऱ्या मुलांबद्दलचे कागद कधीच दाखवायचे नाहीत.

बंद करायचं का, यावर स्टाफरूममध्ये दोन्ही बाजूंनी चांगली माणसं असतात, त्यामुळे चिडू नका. बंद करा म्हणणाऱ्यांचा मुद्दा बरोबर आहे की चुकीच्या मुलाला दिलेला पुरस्कार न दिलेल्या पुरस्काराहून वाईट असतो, कारण ज्या मुलांना त्याने त्रास दिलाय त्यांना कळतं की मोठ्यांना काही दिसत नाही, आणि मग ती आपल्याकडे कधी येत नाहीत. तरीही मी चालू ठेवायच्या बाजूची आहे. शाळेत मार्कांना बक्षीस, धावण्याला बक्षीस, वक्तृत्वाला बक्षीस, आणि जी मुलगी वर्षभर उरलेल्यांना हाक मारत राहिली तिच्याबद्दल एक शब्दही नाही, हे मला पटत नाही. फक्त अट एवढीच की पद्धत बदलायला संस्था तयार हवी. जुन्याच पद्धतीने अर्ध्या तासात नाव काढा असा आग्रह असेल तर मात्र मी तुमच्या जागी असते तर यंदा देऊ नका असं मत दिलं असतं आणि कारण लेखी दिलं असतं.

देणगीदार कुटुंबाची भीती बाळगू नका. माझा अनुभव असा की नुसतं नाव आणि टक्केवारी ऐकण्यापेक्षा त्या मुलाने काय केलं हे ऐकून ती माणसं खूप जास्त हेलावतात, पद्धत बदलली म्हणून विरोध क्वचितच होतो. त्यांना समारंभाच्या आधी एकदा शाळेत बोलवा आणि नीट समजावून सांगा.

पुढच्या वर्षासाठी स्टाफरूममध्ये एक साधी वही ठेवा. कोणाला काही दिसलं की तारीख, नाव, दोन ओळी. नाहीतर वर्षअखेरीला मीटिंगमध्ये सगळ्यांना फक्त गेल्या महिन्यातलं आठवतं, पहिल्या सत्रातलं सगळं वाहून जातं. वही भरायची सवय लागायला वेळ लागतो, पहिली तिमाही तुम्हालाच लिहावं लागेल.

यंदा वेळ कमी आहे तर सगळं जमणार नाही, तेव्हा एवढंच करा: बोर्डावरच्या नावांचा कागद, मुलांचे प्रसंगाचे कागद, आणि शेवटच्या नावांबद्दल शिपाई-मावशी-परिचर यांच्याशी बोलणं. मुलांचे कागद मीटिंगच्या किमान आठवडाभर आधी गोळा झाले पाहिजेत, वाचायलाच तीन-चार दिवस जातात. मानपत्र वर्गशिक्षकाने लिहावं आणि समितीतल्या दुसऱ्या कोणीतरी वाचून त्यातून कुठल्या मुलाची खाजगी गोष्ट बाहेर पडत नाही ना ते बघावं.

राहता राहिला मागच्या वर्षीचा मुलगा, त्याच्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत पण मला सांगावंसं वाटतं. पुरस्कार परत घ्यायचा, बोर्डावरचं नाव पुसायचं असल्या सूचना येतील, त्या मान्य करू नका, एका पोराला जाहीर शिक्षा होईल आणि ती शाळेच्या घाईची असेल. पण तक्रार करणाऱ्या लहान मुलांना बोलवून त्यांचं ऐका, ते खरं असेल तर त्या मुलाशी आणि त्याच्या घरच्यांशी, पुरस्काराचा उल्लेख न करता, जे कुठल्याही मुलाशी बोलला असतात तेच बोला, आणि मधल्या सुट्टीत जिथे हा त्रास होतो तिथे उद्यापासून एक शिक्षक उभा करा. हे पुरस्काराच्या मीटिंगची वाट न बघता करायचं काम आहे. मुलांच्या कागदाचा आणि नियमांच्या पानाचा नमुना हवा असेल तर खाली लिहा, टाकते.